गाडगेबाबांच्या धर्मशाळा

नागपूरहून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, सुमारे ३५ किलोमीटर अंतरावर, कन्हान नदीच्या काठी मौदा हे गाव आहे. आसपासचा मुलूख भातशेतीचा. अशा गावात एखाद्या घरी कोणी आजारी पडले आणि ते दुखणे गावच्या दवाखान्यात बरे होण्यासारखे नसले, म्हणजे घरची माणसे त्याला घेऊन नागपूरचा रस्ता धरतात. १९४७ साली नागपुरास वैद्यकीय महाविद्यालय निघाले. तेव्हापासून विदर्भाच्या कानाकोपऱ्यांतून असे कितीतरी रोगी तेथील रुग्णालयात येत आले आहेत. रोग्याला खाट मिळते, डॉक्टर त्याला तपासतात, परिचारिका वेळच्या वेळी औषध देतात. परंतु त्याच्या सोबत आलेल्या म्हाताऱ्या आईने रात्री कोठे पडावे? बापाने भाकरी कोठे भाजावी? धाकट्या भावाने अंगावरचे कपडे कोठे धुवावे? शहरात त्यांच्या ओळखीचे कोणी नसते, आणि भाड्याची खोली घेण्याइतका पैसा गाठीला नसतो.

हा प्रश्न लहान वाटतो; पण ज्याच्यावर तो प्रसंग येतो त्याला तो डोंगराएवढा असतो. महाराष्ट्रात ज्या थोड्या लोकांनी तो मनापासून ओळखला आणि दगडविटांनी त्याचे उत्तर दिले, त्यांत एक पुरुष असा होता, की ज्याला लिहिता-वाचता येत नव्हते, ज्याच्यापाशी स्वतःचे घर नव्हते, आणि ज्याची सारी मालमत्ता म्हणजे एक खराटा व एक फुटके गाडगे एवढीच होती. त्या पुरुषाचे नाव संत गाडगेबाबा.

गाडगेबाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव या खेड्यात एका परीट कुटुंबात झाला. वडील झिंगराजी यांना दारूचे व्यसन होते. त्या व्यसनाने घरचे होते नव्हते ते गेले आणि शेवटी झिंगराजीही गेले. तेव्हा डेबूजी अगदी लहान होते. आई सखूबाई पोराला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुरे या गावी माहेरी आली. आजोळी डेबूजी गुरे राखू लागले. जरा मोठे झाल्यावर त्यांनी नांगर धरला. गुरांची निगा, शेताची मशागत आणि गोठ्याची झाडलोट ही सारी कामे ते इतकी मन लावून करीत, की मामाच्या शेतात त्यांच्या हातचे पीक पाहायला लोक थांबत.

पण कष्टाने पिकवलेले शेत राखता येण्यासाठी नुसते कष्ट पुरत नाहीत, हा धडा त्यांना लवकरच मिळाला. मामांनी सावकाराचे कर्ज काढले होते. फेडलेल्या पैशांची पावती कोणी मागितली नाही, कागदावर काय लिहिले आहे ते कोणाला वाचता आले नाही, आणि जमीन सावकाराच्या ताब्यात जाण्याची पाळी आली. त्या धक्क्याने मामा खचले आणि वारले. अज्ञान माणसाला कसे नागवते, हे डेबूजींनी आपल्याच घरात पाहिले. शिक्षणासाठी पुढे ते जन्मभर तळमळले, त्या तळमळीचे मूळ या प्रसंगात आहे.

डेबूजींचे लग्न कुंताबाईंशी झाले. पहिल्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मांस व दारू वाढावयास हवी होती. डेबूजींनी तो रिवाज मोडला आणि जेवावयास आलेल्यांना साधे गोडधोड वाढले. पाहुणे संतापले, परंतु ज्या दारूने आपला बाप खाल्ला ती आपल्या दारात नको, हा त्यांचा निश्चय ढळला नाही.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजींनी घर सोडले. ते कोठल्या गुहेत तपश्चर्येला गेले नाहीत. माणसांच्या वस्तीतूनच हिंडू लागले. अंगावर निरनिराळ्या चिंध्या जोडून शिवलेले वस्त्र, हातात काठी किंवा खराटा, आणि डोक्यावर एक फुटके गाडगे. ऊन लागले की गाडगे टोपीच्या जागी, आणि भूक लागली की तेच ताटाच्या जागी. या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. एखाद्या गावात शिरले म्हणजे ते प्रथम खराटा हातात घेत. चावडीपुढचा कचरा, देवळामागचा उकिरडा, तुंबलेले गटार, जे दिसेल ते साफ करीत. कोणी भाकरी दिली तर त्या मोबदल्यात त्याचे अंगण झाडून देत किंवा लाकडे फोडून देत. फुकट खाणे त्यांना ठाऊक नव्हते.

दिवसभर गाव झाडून झाले, की रात्री त्यांचे कीर्तन होई. त्यात संस्कृत श्लोक नसत, अवघड शब्द नसत. आपल्या वऱ्हाडी बोलीत ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तरे त्यांच्याच तोंडून काढून घेत. देवाला नवस बोलून रोग बरा होतो काय, बोकड कापल्याने मूल वाचते काय, असे ते विचारीत. आणि आजाऱ्याला भगताकडे न नेता डॉक्टरकडे न्यावे, हे लोकांच्या गळी उतरवीत. भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, उघड्यानागड्याला वस्त्र आणि गरीब मुलांना शिक्षण द्यावे, असे ते सांगत. त्याचबरोबर बेघरांना आसरा आणि रोग्यांना औषधोपचार मिळावेत, हाही त्यांच्या शिकवणीचा मोठा भाग होता. आसरा आणि औषध ही दोन कामे एकमेकांना किती जवळची आहेत, हे पुढे त्यांच्या एका मोठ्या कार्याने दाखवून दिले.

नुसते सांगून थांबणे हा त्यांचा स्वभाव नव्हता. अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे तीर्थ आहे. पौष महिन्यात तेथे मोठी यात्रा भरे. नदीचा काठ चिखलाचा व निसरडा होता. बायका-मुले, म्हातारी माणसे पाण्यापर्यंत जाताना घसरून पडत. डेबूजी तेथे जात आणि लोकांना हात देऊन चिखलातून पार करीत. परंतु एका माणसाचे हात किती जणांना पुरणार? जे काम हात एक दिवस करतो ते काम दगड शंभर वर्षे करील, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी यात्रेकरूंना व गावकऱ्यांना कामाला लावले, वर्गणी जमविली, आणि १९०८ साली पूर्णेच्या काठावर घाट उभा राहिला. गाडगेबाबांच्या बांधकामांचा हा आरंभ होता. लोकांची अडचण डोळ्यांनी पाहावयाची, ती आधी स्वतःच्या हातांनी दूर करावयाची, आणि मग ती कायमची दूर व्हावी म्हणून इमारत उभारावयाची, अशी त्यांची रीत होती.

पंढरपूरला ते दर वर्षी वारीला जात. लाखो वारकरी चंद्रभागेच्या वाळवंटात जमत. बाबा देवळाच्या रांगेत कधी उभे राहत नसत; त्या वेळात ते वाळवंट झाडीत आणि लोकांनी केलेली घाण उचलीत. यात्रेच्या काळी पंढरपुरात पटकीची साथ येण्याचे प्रकार त्या काळी वारंवार घडत. लोक उघड्यावर निजत, नदीकाठीच शौचाला बसत, आणि त्याच नदीचे पाणी पीत. पटकीचे जंतू मळाबरोबर पाण्यात जातात आणि पाण्यावाटे दुसऱ्याच्या पोटात शिरतात. यात्रा संपली, की घरी परतणाऱ्या माणसांबरोबर तो रोगही गावोगाव पोचे. म्हणून यात्रेच्या गावी निवाऱ्याची, स्वच्छ पाण्याची आणि शौचकूपांची सोय असणे ही केवळ सुखाची बाब नव्हती. हजारो माणसांच्या जिवाची बाब होती.

त्यातही ज्यांना समाजाने अस्पृश्य मानले होते त्यांची दशा अधिकच वाईट होती. पंढरपुरातील धर्मशाळांची दारे त्यांना बंद होती. विठ्ठलाच्या देवळात त्यांना जाता येत नव्हते, आणि पावसाची सर आली तर अंग टेकावयास जागा नव्हती. गाडगेबाबांनी त्यांच्यासाठी १९१७ च्या सुमारास पंढरपुरात एक धर्मशाळा उभारली. देवळाच्या दाराबाहेरच ज्याला जन्म काढावा लागला, त्या संत चोखामेळ्याचे नाव त्यांनी तिला दिले. विठ्ठलमंदिराची दारे सर्वांना खुली व्हावयास १९४७ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावे लागले. बाबांनी बांधलेले दार त्यापूर्वी ३० वर्षे उघडे होते.

येथे दूरच्या एका देशातील गोष्ट आठवते. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात जखमी झालेल्या इंग्रज सैनिकांची शुश्रूषा करण्यासाठी फ्लॉरेन्स नाइटिंगेल ही बाई तुर्कस्तानातील स्कुटारी येथे गेली. तेथील रुग्णालय म्हणजे एक जुनी प्रचंड बराक होती. तिच्याखालची गटारे तुंबली होती, खिडक्यांतून हवा येत नव्हती, आणि खाटा एकमेकींना खेटून मांडलेल्या होत्या. जखमांनी मरत त्याहून किती तरी अधिक सैनिक तापाने व अतिसाराने मरत. १८५५ साली सरकारने पाठविलेल्या आरोग्यमंडळाने गटारे साफ करविली, पाण्याची व हवेची व्यवस्था सुधारली, आणि मृत्यूंची संख्या झपाट्याने खाली आली. तेव्हापासून त्या बाईला खात्री पटली, की रुग्णालयाच्या भिंती, खिडक्या आणि मोऱ्या यासुद्धा रोग्याला मारू शकतात किंवा तारू शकतात. १८५९ साली तिने रुग्णालयांच्या बांधणीवर ग्रंथ लिहिला. दोन्ही बाजूंना उंच खिडक्या असलेले, हवेशीर आणि धुवावयास सोपे असे रोग्यांचे दालन कसे असावे, हे तिने त्यात मांडले. पुढे जगभरची रुग्णालये त्या धर्तीवर बांधली गेली.

गाडगेबाबांनी तो ग्रंथ पाहिला नव्हता, आणि पाहिला असता तरी त्यांना तो वाचता आला नसता. परंतु उघड्या डोळ्यांनी गावोगाव हिंडून, उकिरडे उपसून आणि गटारे साफ करून तेही त्याच निष्कर्षाला येऊन पोचले होते. रोग घाणीत जन्मतो, आणि ज्याला राहावयास जागा नाही त्याला स्वच्छ राहता येत नाही. म्हणून स्वच्छतेचा उपदेश करणाराने आधी लोकांना निवारा दिला पाहिजे, हे त्यांनी जाणले होते.

पंढरपूरनंतर नाशिक, आळंदी, देहू, मूर्तिजापूर अशा अनेक ठिकाणी बाबांच्या प्रेरणेने धर्मशाळा उभ्या राहिल्या. त्यांसाठी पैसा येई तो लोकांकडून. एखादा व्यापारी हजार रुपये देई, एखादी मोलकरीण आपली दिवसाची मजुरी देई. बाबा स्वतः पैशाला हात लावीत नसत. हिशेब ठेवण्याचे काम विश्वासू माणसांकडे असे, आणि एकेका पैशाचा जमाखर्च लिहिला जाई. कारण मामाच्या कर्जाची गोष्ट ते विसरले नव्हते. इमारत पुरी झाली, की ती विश्वस्तांच्या स्वाधीन होई. तिच्यावर आपल्या कुटुंबाचा काडीइतकाही हक्क राहू नये, अशी त्यांची सक्त ताकीद असे. लक्षावधी रुपयांच्या इमारती उभारणारे बाबा स्वतः रात्री एखाद्या झाडाखाली किंवा उघड्या मैदानात निजत, आणि कुंताबाई साध्या झोपडीत राहत.

या धर्मशाळांच्या बांधणीत दिमाख नव्हता. सावली, वारा, पाणी आणि स्वच्छता एवढे साधले, की धर्मशाळा साधली असे बाबांना वाटे. तेथे उतरणाराने जागा झाडून घ्यावी, आणि आल्या वेळी होती त्याहून ती स्वच्छ करून जावे, असा त्यांचा आग्रह असे. त्यांच्या दृष्टीने धर्मशाळा हा केवळ निवारा नव्हता. ती स्वच्छतेची शाळाही होती.

याच काळात त्यांच्या संसारावर मोठा घाला पडला. १९२३ साली त्यांचा एकुलता एक मुलगा गोविंद वारला. ती बातमी आली तेव्हा बाबा कोकणात खारेपाटण येथे होते. बातमी कळूनही त्यांनी कीर्तन थांबविले नाही, असे सांगतात. त्यांचे काळीज दगडाचे होते असे मात्र नाही. रोज कोठे ना कोठे कोणाचे तरी मूल दगावते. त्या सर्वांसाठी जो रडतो त्याला आपल्या एकट्याच्या दुःखासाठी वेगळे रडता येत नाही, अशी त्यांची वृत्ती होती.

१९४९ साली गाडगेबाबा स्वतःच आजारी पडले आणि त्यांना मुंबईतील एका रुग्णालयात ठेवण्यात आले. ही बातमी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कळली. ते त्या वेळी भारताचे कायदेमंत्री होते. हातातील कामे बाजूला सारून ते बाबांना भेटावयास गेले आणि त्यांनी बरोबर दोन घोंगड्या नेल्या. कोणाकडूनही काही न घेणाऱ्या बाबांनी त्या घोंगड्या मात्र प्रेमाने स्वीकारल्या. याच सुमारास त्यांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. वारकऱ्यांसाठी बांधलेली वास्तू अशा रीतीने विद्यार्थ्यांच्या कामी आली. इमारत लोकांची आहे, तेव्हा काळाप्रमाणे लोकांची जी गरज असेल तिच्यासाठी ती वापरली जावी, हे बाबांना मान्य होते.

मुंबईत भायखळ्याजवळ सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालय आहे. लोक त्याला जे. जे. रुग्णालय म्हणतात. सर जमशेटजींनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून आणि सरकारच्या साहाय्याने ते उभे राहिले व १८४५ साली सुरू झाले. त्याच्याच शेजारी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय आहे. शंभर वर्षांत या रुग्णालयाचा लौकिक इतका पसरला, की कोकण, देश, खानदेश आणि वऱ्हाड येथून गोरगरीब रोगी तेथे येऊ लागले. रुग्णालयात रोग्याची सोय होती; सोबतच्या माणसांची नव्हती. ती माणसे रस्त्याच्या कडेला पदपथावर पथारी टाकीत. तीन दगडांची चूल मांडून तेथेच काही तरी शिजवीत. दिवसा उन्हाने भाजून निघत आणि पावसाळ्यात रात्रभर कुडकुडत बसत. ट्रामगाड्यांच्या आवाजात त्यांना झोप लागत नसे, आणि लागली तर चोरी होण्याची भीती असे.

मुंबईत आले म्हणजे गाडगेबाबाही रस्त्यावरच राहत. त्यामुळे मोटारीतून जाणाऱ्यांना जे दिसत नव्हते ते त्यांना दिसले. पदपथावर निजलेली ती माणसे त्यांच्यासारखीच खेड्यापाड्यांतून आलेली होती. त्यांच्या बोलण्यातून बाबांना एकेक गोष्ट उमगत गेली. पैसे संपले म्हणून कोणी नवऱ्याला अर्ध्या उपचारातून परत नेत होती. रात्री जागून व उपाशी राहून कोणी स्वतःच आजारी पडत होता. पदपथावरची धूळ आणि माश्या बसलेले अन्न पोटात जाऊन एखाद्याला जुलाब लागत, आणि एका रोग्याला सोबत म्हणून आलेला माणूस दुसरा रोगी होऊन बसे. तोच माणूस धूळभरल्या हातांनी खाटेजवळ जाऊन आपल्या लेकराला घास भरवी. रुग्णालयाच्या आत डॉक्टर जी स्वच्छता मोठ्या कष्टाने राखीत, ती अशा रीतीने बाहेरच्या पदपथावरून भंगत असे. यात त्या बापाचा दोष नव्हता. त्याला हात धुवावयास नळ कोणी दिला होता?

यावर बाबांनी जो उपाय योजला तो त्यांच्या रीतीला धरूनच होता. त्यांनी मुंबईच्या धनिकांपुढे, सरकारी अधिकाऱ्यांपुढे आणि कीर्तनाला जमणाऱ्या गिरणीकामगारांपुढे हा प्रश्न मांडला. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी त्यांच्या सर्व संस्थांची व्यवस्था पाहण्यासाठी श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. आणि १९५४ साली जे. जे. रुग्णालयापाशी रोग्यांच्या नातलगांसाठी धर्मशाळा उभी राहिली.

या धर्मशाळेने काय साधले, हे नीट ध्यानात घेण्यासारखे आहे. तिच्यात शस्त्रक्रिया होत नाही आणि तेथे कोणी औषधाची पुडी देत नाही. तरीही ती रुग्णालयाचेच एक अंग आहे. जवळच आपले माणूस आहे, या विचाराने रोग्याला धीर येतो. सोबतच्या माणसाला रात्री पाठ टेकावयास मिळते, तेव्हा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलेले त्याला नीट ऐकता व समजता येते. डोक्यावर छप्पर असले म्हणजे थोडक्या पैशांत अधिक दिवस काढता येतात, आणि उपचार अर्धवट सोडून जाण्याची पाळी येत नाही. तेथे नळ आहे, मोरी आहे, म्हणून अंग व कपडे स्वच्छ राहतात. मुख्य म्हणजे तेथे आपल्याचसारखे दुःख घेऊन आलेली दुसरी माणसे भेटतात. सोलापूरच्या माणसाला रत्नागिरीचा माणूस रुग्णालयाची रीतभात समजावून देतो, आणि एकीच्या चुलीवर दुसरीची भाकरी भाजली जाते. औषध रोगाशी लढते. ही वास्तू रोग्याच्या घरच्या माणसांना ती लढाई संपेपर्यंत टिकून राहण्याचे बळ देते.

रुग्णालय बांधणारे चतुर स्थापत्यविशारद खाटांची संख्या मोजतात, शस्त्रक्रियेच्या दालनात उजेड कसा येईल ते पाहतात, आणि सांडपाण्याची वाट आखतात. हे सर्व अवश्य आहे. परंतु आपल्या देशात रोगी एकटा येत नाही, त्याच्याबरोबर त्याचे घर येते, ही गोष्ट नकाशात लिहावयाची राहून गेली होती. ती एका निरक्षर साधूने तेथे लिहिली.

या वेळी बाबांचे वय ७८ वर्षांचे होते. मधुमेहासारख्या दुखण्यांनी शरीर थकले होते, तरी भ्रमण थांबले नव्हते. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे त्यांचे कीर्तन झाले. ते त्यांचे अखेरचे कीर्तन ठरले. ६ डिसेंबरला बाबासाहेब आंबेडकरांचे निधन झाल्याची बातमी आली आणि बाबा व्याकूळ झाले. त्यानंतर दोन आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, मोटारीने अमरावतीकडे येत असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांची प्राणज्योत मालवली. ज्याने हजारोंसाठी छप्पर उभारले, त्याचा अखेरचा श्वास रस्त्यावर, उघड्या आभाळाखाली गेला. अमरावतीस त्यांच्या देहाला अग्नी देण्यात आला, त्या वेळी महाराष्ट्राच्या सर्व भागांतून माणसे लोटली होती.

गाडगेबाबांनी आपल्या मागे शिष्यांची गादी ठेवली नाही आणि आपले देऊळ बांधू दिले नाही. राहिले ते त्यांनी सुरू केलेले काम. मुंबईत परळ येथे १९४१ साली कर्करोगावरील उपचारांसाठी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले होते. त्या रोगाचे उपचार आठवडेच्या आठवडे, कधी महिनेच्या महिने चालतात. गावाहून आलेल्या रोग्याला तितके दिवस खाट अडवून ठेवता येत नाही, आणि रोज ये-जा करावयाची तर मुंबईत राहावयाचे कोठे? या अडचणीवर उपाय म्हणून पुढे दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा निघाली, आणि देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या कर्करोग्यांना व त्यांच्या नातलगांना तिने आसरा दिला. अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. महाराष्ट्र शासनाने २००० साली त्यांच्याच नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. त्यात गावोगावच्या लोकांनी हाती खराटे घेऊन आपली गावे झाडली आणि शौचालये बांधली.

आजही मौद्यासारख्या गावातून एखादी आई आपल्या लेकराला घेऊन नागपूरच्या रुग्णालयाची पायरी चढते. लेकराला खाट मिळाली, की ती क्षणभर दाराशी थांबते आणि आता आपण कोठे जावे म्हणून इकडेतिकडे पाहते. उद्या जी मुले मोठी होऊन डॉक्टर होतील, इमारतींचे नकाशे काढतील, किंवा गावाचा कारभार पाहतील, त्यांना ती आई ठिकठिकाणी भेटेल. नव्या रुग्णालयाचा पाया खणताना तिच्यासाठी एक ओसरी, एक नळ आणि एक चूल यांची जागा जो आधी राखून ठेवील, त्याने गाडगेबाबांचा खराटा खऱ्या अर्थाने हाती घेतला असे म्हणता येईल.